चक्कीची बाही

वरच्या पेटीत दाणे असताना सुमनकाकू चक्की बंद करत नसे. उद्या सूर्य उगवेल की नाही याबद्दल आंजीत एखाद्याला शंका असू शकेल, याबद्दल नाही. एकदा मतं मागायला मोठी माणसं आली होती. पुढे हार, मागे ढोल. काकूनं चक्की चालू ठेवली आणि त्यांचं अर्ध्या तासाचं भाषण नुसत्या हातवाऱ्यांवर संपलं. गावानं मनापासून टाळ्या वाजवल्या, कारण त्या भाषणातलं एकही वाक्य कोणाला खटकलं नव्हतं. पुढे तिच्या सख्ख्या भाच्याची वरात दारावरून गेली. नवरदेव घोड्यावरून उतरून पाया पडायला आत आला, तर काकूनं एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि दुसरा चक्कीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीवरच राहू दिला. मंडपात पोचेपर्यंत तो पिठानं इतका पांढरा झाला होता की मुलगा फोटोपेक्षा गोरा निघाला म्हणून नवरीची आजी खूश झाली. यातलं निम्मं मी वाढवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. आंजीत जाऊन विचारलंत तर लोक याच्या दुप्पट सांगतील.

या नियमामागे कारण होतं. दगडांच्या मध्ये दाणे अडकून चक्की थांबली, की पुन्हा सुरू करताना मोटर कण्हते, पट्टा ताणतो आणि बरेचदा तुटतो. नवा पट्टा वर्ध्याहून यायचा आणि तोवर गाव भाकरीवाचून राहायचं.

मी मूळचा हिंगणघाटकडच्या वडनेरचा. बदली होऊन आंजी मोठीच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो आणि चक्कीसमोरची खोली घेतली. त्या आवाजात नऊ वर्षं काढली. तेव्हापासून मी घरात ओरडूनच बोलतो, असं बायको म्हणते. म्हणजे म्हणत असावी, मला काही ऐकू येत नाही.

सुमनकाकू दिसायला काडीसारखी. पापण्यांवर पीठ, भुवयांवर पीठ, कानाच्या पाळीवर पीठ. तिचे केस वयानं पांढरे झाले की धंद्यानं, हे तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. ती पीठ चिमटीत घेऊन अंगठ्यानं चोळायची आणि त्या घरात काय चाललंय ते सांगायची. ज्वारीत खडे आले की म्हणायची, सासू-सुनेचं बोलणं बंद झालेलं दिसतं, निवडायला दोघी एकत्र बसल्या नाहीत. गहू ओलसर आला की म्हणायची, पाहुणे अचानक आले. मी एकदा मुद्दाम कोरडा, निवडलेला, चकचकीत गहू घेऊन गेलो. तिनं चिमूट चोळली आणि म्हणाली, बाई माहेरी गेली वाटते, हे शेजारणीनं निवडून दिलेलं हाय. मी पुन्हा परीक्षा घ्यायच्या भानगडीत पडलो नाही.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. दारात गर्दी झाली, डबे पुढे सरकू लागले, बायका एकमेकींच्या खांद्यावरून वाकू लागल्या, की ती न वळता म्हणायची, "हवेले जागा द्या, मंग बोला." चक्कीच्या आवाजात ते कोणाला ऐकू जात नसे, तरी सगळे दोन पावलं मागे सरकत. मला वाटायचं, गर्दी हटवायची ही तिची रीत असेल. ते तिचं सगळं शास्त्र होतं हे मला फार उशिरा कळलं, तेही माझी पँट फाटल्यावर.

तिचा नवरा नामदेवकाका. त्यांनी हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये रेच्यावर उभी हयात घातली. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढायचं यंत्र. सरकी एकीकडे पडते, रुई दुसरीकडे आणि दोन्हीकडे न गेलेलं सगळं कामगाराच्या छातीत जातं. नोकरी संपली तेव्हा काका सोबत दमा घेऊन आले. डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला, तर काका म्हणाले होते की यात निदान एक उशी तरी भरेल, काढून घ्या आणि पेशंटच्या डोक्याखाली द्या.

काकांची कीर्ती मात्र दम्याआधीची होती. टोमणे मारण्यात त्यांचा हात धरणारा माणूस वर्धा जिल्ह्यात झाला नाही, आणि शेजारच्या जिल्ह्यांतून कोणी आला असता तर हरून गेला असता. त्यांच्या टोमण्याचं वाक्य आर्वी रस्त्यासारखं असे. सुरुवात दिसायची, शेवट दिसायचा नाही, मध्ये वळणं, दोन-चार पूल, आणि प्रत्येक पुलाखाली कोणीतरी वाहून जायचं. सगळं एका दमात. गावातली शहाणी माणसं त्यांच्यासमोरून सायकल हातात धरून जात, कारण सायकलवर बसलं की टोमण्याला पकड मिळायची.

मग दमा वाढला आणि वाक्यं आखूड झाली. आधी एका दमात टोमणा संपायचा, मग मध्ये एकदा थांबावं लागू लागलं, मग दोनदा. पुढे पुढे काका तीन शब्द बोलून खुर्चीचा दांडा धरू लागले. एका बाईनं रांगेत सहज म्हटलं, बरं झालं, काकाजीचं तोंड कमी झालं. काकू चालू चक्कीवरून वळली. ती वळते हेच लोकांनी कधी पाहिलं नव्हतं.

"बरं काय झालं व?" एवढंच म्हणाली. त्या बाईचं दळण त्या दिवशी जरा जाडच निघालं.

आणि मग तो उन्हाळा आला, ज्यात सारा देश दाराला कडी लावून बसला. चक्की चालू राहिली, कारण रोग असो नसो, माणसाला भाकर लागते. चक्कीसमोर चुन्याचे गोल आखले गेले, आणि लोक त्या गोलांत असे उभे राहत की जणू कोणी मंत्र टाकून खिळवलंय. तोंडावर जो तो हाताला येईल ते बांधून येई. कोणी दुपट्टा, कोणी रुमाल. एक गडी तर टॉवेल बांधून आला आणि रांगेतच घेरी येऊन बसला.

काकांना दर पंधरवड्याला वर्ध्याच्या दवाखान्यात जावं लागायचं. तोंडात धरून ओढायचं औषध तिथून मिळायचं. आमच्याकडे त्याला पंप म्हणतात, आणि तो आंजीच्या मेडिकलमध्ये येत नव्हता. एसट्या बंद. रोज सकाळी दुधाची गाडी वर्ध्याला जायची, तिच्यात बसून काका गेले. मेडिकलमधून आणलेला तीन घड्यांचा, आत चकचकीत अस्तर असलेला मास्क काकूनं त्यांच्या कानाला अडकवून दिला होता. वर्धा तर दूरच, नुसतं नाल्यावरचं पहिलं वळण येईस्तोवर त्यांनी तो गळ्यात ओढला. दवाखान्याच्या फाटकावर चौकीदारानं वर घ्यायला सांगितला. त्यांनी घेतला. ओळ मोठी होती. दहा मिनिटांत त्यांची नखं निळी पडायला लागली, तेव्हा त्यांनी मास्क ओढून काढला आणि आत न जाता उलट पावली दुधाच्या गाडीत येऊन बसले.

घरी आल्यावर त्यांनी निर्णय जाहीर केला. तीन-तीन शब्दांत केला, पण केला.

"मी काय डवऱ्याचा... बैल हाओ? मुसकं बांधून... नाई जात मी."

डवरणी म्हणजे कोळपणी, ती करताना बैलानं पीक खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला जाळीचं मुसकं बांधतात. ही गोष्ट विदर्भात माणसाला म्हणायची नसते, आणि इथे माणूस स्वतःलाच म्हणत होता.

वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी फोन लावला. छाती ऐकल्याशिवाय औषध बदलता येणार नाही, पेशंटला आणावंच लागेल आणि तोंड झाकूनच आणावं लागेल, दम्याच्या माणसाला हा रोग झाला तर फार वाईट, असं त्यांनी सांगितलं. काकूनं पंप कानाशी धरून हलवला. जपून ओढलं तर आणखी पंधरा दिवसांचं औषध होतं.

"पंधरा दिवसात मी तुमाले असं मुसकं शिवून देते," ती काकांना म्हणाली, "का त्यात तुमी वर्ध्याले जासान, वापस येसान, अन् येऊन मले शिव्या देसान. एका दमात."

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि दोन शब्दांत तिला वेडी ठरवलं.

इथे माझा प्रवेश होतो आणि लगेच माझी फजिती होते, म्हणून हा भाग मी उरकून घेतो. काकू मला म्हणाली, गुरजी, तुमी विज्ञान शिकवता, कापड कोणतं घेऊ सांगा. मी घसा साफ केला. जितकं जाड तितकं चांगलं, असं मी सांगितलं. इतकंच नाही, तर माझी जुनी जीनची पँट आणून दिली, आणि आत गोधडीचा एक थर घाला म्हणून सल्लाही जोडला. विज्ञानाच्या शिक्षकाला पगार बोलण्याचा मिळतो, विचार करण्याचा नाही.

काकू ऐकून घेणारी होती, पण ऐकलेलं चक्कीवर तपासणारी होती. चक्कीच्या तोंडाला कापडाची लांब बाही बांधलेली असते, तुम्ही पाहिली असेल. तिच्यातून पीठ खाली डब्यात पडतं. पण दगड नुसतं पीठ फेकत नाहीत, पिठाबरोबर वाराही फेकतात. म्हणून बाहीला दोन कामं. पीठ आत धरायचं आणि वारा बाहेर सोडायचा. काकू म्हणाली, आमच्या बुढ्याच्या तोंडाले जे पाहिजे तेच माह्या चक्कीच्या तोंडाले पाहिजे, आधी इथं बांधून पाहू. तिनं रोजची मांजरपाटाची बाही सोडली आणि माझ्या पँटीचा एक पाय, आत गोधडीचं अस्तर घालून, चक्कीच्या तोंडाला आवळून बांधला.

पेटीत पोलीस पाटलांचा गहू होता. बाहेर गोलांमध्ये अकरा माणसं उभी होती. चक्की सुरू झाली. पँटीचा पाय हळूहळू फुगला. आधी माणसाच्या मांडीएवढा, मग पहिलवानाच्या, मग हत्तीच्या. कोणीतरी म्हणालं, गुरजी एवढे जाड होते हे माहीत नव्हतं. आणि मग वरची गाठ सुटली, आणि सुटता सुटता कापड काठाशी टरकलं.

पुढचं सांगताना मी हात आखडता घेतो, कारण खरं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ढग उठला. पोलीस पाटील दिसेनासे झाले. कडुनिंबावरचे कावळे बगळे होऊन उडाले. अकरा माणसं आपापल्या गोलात पांढरी उभी होती, आणि नियम इतका अंगात मुरला होता की एकानंही गोल सोडला नाही. आंजीचं कुत्रं त्यांच्याकडे पाहून जे पळालं ते खरांगण्याच्या रस्त्यानं गेलं ते गेलंच.

काकूनं पेटीतले दाणे संपेस्तोवर चक्की चालू ठेवली. नियम म्हणजे नियम. मग ती फाटक्या पँटीजवळ बसली, आतून बाहेरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "गुरजी, तुमच्या कापडातून एक कण नाई गेला. सारं बाजूनं गेलं."

मी म्हणालो, गाठ सैल राहिली असेल.

"गाठ मीच मारलती," ती म्हणाली. माझ्या विज्ञानाच्या कारकिर्दीतला हा सर्वांत आखूड धडा होता. वाऱ्याला कापडातून जाता आलं नाही तर तो बाजूनं जातो आणि सगळं सोबत घेऊन जातो. काकांच्या मास्कमध्ये तेच झालं होतं. जाड अस्तरातून श्वास येईना म्हणून तो गालाजवळच्या फटींतून ये-जा करत होता. म्हणजे गुदमरायचं ते गुदमरायचं आणि राखण काहीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकूनं गावाच्या पेट्या उघडायला लावल्या. दळणासोबत प्रत्येकीनं एक जुनं कापड आणायचं, असा तिचा हुकूम निघाला. लुगडी आली, धोतरं आली, चादरी, परकर, बनियन, साखरेचं पोतं आणि एका आजीनं जपून ठेवलेला मधुचंद्राच्या काळचा रेशमी रुमाल. काकू प्रत्येक कापड दारातल्या उन्हासमोर धरायची. ऊन सुईसारखं टोचून आलं तर कापड बाद. ऊन मुळीच आलं नाही तरीही बाद. उजेड दुधासारखा पाझरला तर ते कापड पुढच्या परीक्षेला बसायचं.

पुढची परीक्षा मागच्या खोलीत होती. तिथे मिरची कांडायचं यंत्र होतं आणि दिवस वर्षाच्या तिखटाचे होते. भिवापुरी मिरची कांडली जात असताना त्या खोलीत उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला सांगता येत नाही, आणि ज्यानं केलं त्याला बोलता येत नाही. परीक्षेला उमेदवार लागतो. पँट फाडून घेतलेला माणूस नाही म्हणू शकत नव्हता. मी तोंडावर एकेक कापड बांधून आत जाई आणि काकू दाराबाहेर माझ्या शिंका ऐके.

विरळ धोतराला मी इतका शिंकलो की टाळेबंदी मोडून शेजारी गोळा झाले. बनियन ताणलं की त्याची भोकं उघडायची, ते पहिल्याच मिनिटाला हरलं. चकचकीत नायलॉनच्या साडीत शिंकही आली आणि श्वासही गेला. दुपट्टा म्हणजे उघडी खिडकी. चादर चांगली निघाली, पण ती दोन पदरी केली की माझ्याच कानशिलात ठोके ऐकू येत. टिकलं ते एका आजीचं सुती लुगडं, वीस वर्षं धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. त्याच्या दोन पदरांत मी अर्धं कांडण पार पाडलं आणि एकदाच शिंकलो.

"नवं कापड चाळणी असते," काकू म्हणाली. "धुतलं का धागा फुगते. भोकं बुजते, पन बंद नाई होत."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, काकू, पण तो विषाणू मिरचीपेक्षा फार बारीक असतो. तुमची मिरची अडली म्हणून तो अडेलच असं नाही.

मला वाटलं, चिडेल. ती कापड घडी घालत राहिली. "मले त्याचं माप नाई माहीत, गुरजी. पन तो का पंख लावून येते? थुकीवर बसूनच येते ना? थुकी तं अडवू. बाकीचं मंग अंतर ठेवून पाहू." माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात पुढच्या पानावर हेच लिहिलेलं होतं.

अडवण्याची परीक्षा झाली. श्वासाची राहिली होती. तिच्यासाठी उमेदवार काकाच हवे होते. काकूनं लुगड्याचे दोन पदर आणि मध्ये जुन्या बाहीच्या मांजरपाटाचा एक पदर असा मास्क शिवला, काकांच्या तोंडावर चढवला आणि समोर स्टूल घेऊन बसली.

"द्या शिव्या," ती म्हणाली.

काका चकित झाले. चाळीस वर्षांच्या संसारात ही मागणी पहिल्यांदाच आली होती. त्यांनी सुरुवात केली. काकू बोटं मिटत शब्द मोजू लागली. पंप ओढल्या ओढल्या, मास्कशिवाय, त्या दिवशी त्यांना एका दमात बारा शब्द जमले होते. मास्क लावून सातव्या शब्दाला त्यांचा हात कानाकडे गेला. मधला पदर काढला तर दहा झाले, पण मग मिरचीच्या खोलीत मी पुन्हा शिंकायला लागलो. पदर घातला की श्वास जाई, काढला की राखण जाई. असे आठ दिवस गेले. मी शिंकत होतो, काका शिव्या देत होते आणि काकू बोटं मिटत होती. नव्या माणसानं पाहिलं असतं तर तिघांनाही धरून नेलं असतं.

पंधरातले चार दिवस उरले. त्या संध्याकाळी काका कोणालाच काही बोलले नाहीत. पंप ओढून भिंतीला टेकून बसले. काकूनं माझ्यासमोर पहिल्यांदाच कापड बाजूला ठेवलं.

सकाळी ती रोजची बाही धुवायला घेत होती. धुतलेली वाळेपर्यंत काम अडू नये म्हणून तिनं त्याच मांजरपाटाची एक उरलेली आखूड बाही चक्कीला बांधली, जेमतेम हातभर. चक्की सुरू झाली आणि गाठीशी पीठ भुसभुस बाहेर येऊ लागलं. काकूनं दाणे संपू दिले. मग अर्धवट ओली असतानाच लांब बाही बांधली. पीठ शांत पडू लागलं. ती कितीतरी वेळ बाहीवर तळहात ठेवून उभी होती. वारा कापडभर, खालपासून वरपर्यंत, हळू हळू पाझरत होता.

"कापड तेच हाय," ती म्हणाली. कोणाला म्हणाली कळलं नाही. "जागा जास्त हाय."

त्या दुपारी तिनं जो मास्क शिवला त्याला मास्क म्हणायचं धाडस लागतं. पदर तेच तीन, पण कापड चौपट. वर नाकाशी तार, कडा गालाला घट्ट, आणि समोर चुण्या घालून काढलेला हा एवढा मोठा फुगा. तोंडापासून चार बोटं पुढे. त्यात एक शेर ज्वारी आरामात मावली असती. समोरून पाहिलं तर बगळा वाटे, बाजूनं पाहिलं तर पोपट, आणि घालणाऱ्यानं मान वळवली की लोक आपोआप वाकत. मी तो बांधून मिरचीच्या खोलीत गेलो, पूर्ण कांडण उभा राहिलो आणि बाहेर येऊन पहिल्यांदाच शिंकलो, तेही सवयीनं.

काकांनी तो लांबूनच पाहिला. "हे घालून... वर्ध्याले जाऊ? लोक दाणे... टाकतीन."

काकूनं मास्क उचलला. तिनं तो स्वतःच्या तोंडावर बांधला आणि चक्कीपासून बसस्टँडपर्यंत चालत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशीही. दारादारातून लोक हसले. पांढऱ्या पापण्या आणि खाली पांढरी चोच. कोणीतरी चिवचिव केलं. ती तशीच चालत राहिली, मान ताठ, एखादी बाई नवीन नथ दाखवायला निघाली असावी तशी. तिसऱ्या दिवशी काका दारात उभे होते. हसणाऱ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं. पूर्वीचा दम असता तर त्या आळीत त्या दिवशी एकही घर उभं राहिलं नसतं.

"तू काऊन घालून... फिरून राह्यली?"

"तुमच्यापेक्षा मले शोभते म्हणून."

काकांनी हात पुढे केला. "दे इकडं."

पंधराव्या दिवशी सकाळी दुधाची गाडी काकांना घेऊन गेली. काकूनं त्यांचा हात धरला नाही, निरोप दिला नाही. फक्त चोचीची तार नाकावर चिमटीनं दाबली, पीठ चोळते तशी, आणि चक्की सुरू केली. त्या दिवशी तिनं कोणाच्याही पिठाला हात लावून पाहिला नाही. लोकांच्या घरातली भांडणं एक दिवस गुप्त राहिली. रस्त्यावर कोणतीही गाडी वाजली की तिची मान वळे. चक्कीच्या आवाजात तिला गाडी कशी ऐकू येत होती ते मला ठाऊक नाही.

ऊन कलताना गाडी कोपऱ्यावर थांबली. मी माझ्या दारात होतो. काका उतरले. चोच तोंडावर होती. गालावर घट्ट, तार नाकावर तशीच. हातात पिशवी. ते चुन्याच्या पहिल्या गोलात येऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवला आणि चोच फुगली.

"अवो चक्कीवाल्या बाई, त्या दवाखान्यातल्या साऱ्या लोकाईनं मले पाहून रस्ता सोडला, चौकीदारानं सलाम ठोकला, डॉक्टरीणबाईनं इचारलं का हे कोन्या पाखराचं तोंड हाय, अन् मी सांगतलं का माह्या बायकोनं चक्कीची बाही कापून माह्या तोंडाले लावली, आता दाण्याच्या जागी मलेच पेटीत टाकाचं तेवढं बाकी राह्यलं..."

'दवाखान्यातल्या'पाशी काकूचा हात बटणावर गेला होता. 'चौकीदारा'पाशी चक्की थांबली.

पेटीत अर्ध्याहून अधिक ज्वारी होती.

आंजीत अशी शांतता कोणी ऐकली नव्हती. लोक घराबाहेर आले, कारण त्यांना वाटलं कोणीतरी गेलं. दूर कुठेतरी एक शेळी ओरडली आणि ती एवढी स्पष्ट ऐकू आली की शेळीच दचकली. त्या शांततेत काकांचं वाक्य वळणं घेत, पूल ओलांडत पुढे गेलं आणि शेवटाला पोचलं. काकू दोन्ही हातांची बोटं मिटून उभी होती. बोटं केव्हाच संपली होती.

"पंप भेटला?" तिनं विचारलं.

काकांनी पिशवी वर केली. आत बदललेलं औषध होतं, पहिली ओढ दवाखान्यातच घेऊन झालेली.

तिनं बटण दाबलं. मोटर कण्हली, पट्टा ताणला आणि फाडकन तुटला. वर्ध्याहून नवा पट्टा यायला दोन दिवस लागले. दोन दिवस आख्ख्या आंजीनं भात खाल्ला, आणि ज्याची ज्वारी दगडात अडकली होती तोही काही बोलला नाही.

त्यानंतर गावात तशा चोची किती झाल्या ते मी सांगत नाही, तुम्ही म्हणाल हा पुन्हा सुरू झाला. वर्षभरानं माझी बदली समुद्रपूर तालुक्यात, जामकडे झाली आणि चक्कीचा आवाज सुटला.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाला आर्वीला चाललो होतो. एसटी आंजीत नेमकी चक्कीसमोर थांबली, तशी मी खिडकीतून मान बाहेर काढली. आता कोणाच्याच तोंडावर काही नव्हतं. गोल पुसले गेले होते. चक्की चालू होती. स्टुलावर काकू, तोंडावर तीच चोच, आता फक्त पिठासाठी, धुऊन धुऊन आणखी मऊ झालेली. बाकावर काका बसले होते, त्यांच्याही तोंडावर तशीच. त्यांची चोच फुगत होती, बसत होती, पुन्हा फुगत होती. काय बोलत होते ते ऐकू आलं नाही, चक्की सुरू होती. काकूनं माझ्याकडे पाहिलं नाही. नजर पिठावर होती, एक हात बाहीवर होता.

दुसरा हात मांडीवर होता, आणि त्याची बोटं एकेक करून मिटत होती.